हरणीचा ब्लॉक, देशावरचं घर

आमच्या घरमालकीणबाईंना सगळं चालायचं. अख्खी गल्ली त्यांना बा म्हणायची, आम्हीही म्हणायचो. बांना आमचा कांदा-लसूण चालायचा, आठवडाभर मुक्काम ठोकणारे पाहुणे चालायचे, गणपतीत घसा फोडून म्हटलेल्या आरत्याही चालायच्या. उलट त्याच जिना चढून टाळ्या वाजवायला यायच्या. फक्त भिंतीत खिळा चालायचा नाही. "दिवाल खराब थाय," एवढंच म्हणायच्या, पण असं म्हणायच्या की पुढे बोलायची सोय राहायची नाही. त्यामुळे आमचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला लटकायचं, आरसा कपाटाच्या कडीला, आणि बाबांना कारखान्यातून बक्षीस मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ कपाटाच्या माथ्यावर पाठ टेकून बसलेलं असायचं. ते थोडं आढ्याकडे बघायचं. किती वाजले ते पाहायला दोन पावलं मागे सरकावं लागायचं आणि मागे सरकलं की पाय पिंपाला लागायचा.

बडोद्याच्या दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या त्या दोन खोल्यांत आईचा जवळजवळ सगळा संसार गेला. ती साड्यांना फॉल लावून द्यायची. सुई, दोरा, कात्री हे सगळं हाताशी लटकवून ठेवावं असं तिला वाटायचं, आणि ते सगळं बिस्किटांच्या डब्यात ठेवावं लागायचं. दर वेळी कात्री तळाशी. आई डबा उपसताना पुटपुटायची, "माझी एक भिंत असती ने, तर इथून तिथपर्यंत खिळे मारले असते." बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "मग भिंत कुठली राहील? चाळणी होईल." आई हसायची. तेव्हा ती हसायची.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, आणि ते सांगताना मला अजून राग येतो, तो मी लपवणार नाही. बाबा कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर होते. कोण किती वाजता आला आणि किती वाजता गेला याची नोंद ठेवायचे. माणूस सरळ, नाकावर माशी बसू द्यायचा नाही. त्यांच्या आजोबांचे वडील देशावरून बडोद्याच्या महाराजांच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. बाबांचा जन्म बडोद्याचा, त्यांच्या वडिलांचा बडोद्याचा, घराबाहेर पडलं की दोघांचीही जीभ गुजरातीत वळायची. पण कुणी विचारलं, "तुमचं गाव कुठलं?" की बाबांची छाती फुगायची. "सातारा. म्हणजे साताऱ्याजवळ. घर आहे आमचं तिथे, दगडी जोत्याचं."

बडोद्याच्या पुष्कळ मराठी घरांत हे चालतं. एक घर राहायला असतं आणि एक बोलायला असतं. राहायचं घर भाड्याचं, गळकं, कसलंही असो, बोलायचं घर नेहमी दगडी जोत्याचं असतं. लग्न ठरवताना ते बोलतात, भांडताना बोलतात, मेलेल्या माणसाच्या दहाव्याला तर हमखास बोलतात. आईच्या वडिलांनी मुलगी दिली तीसुद्धा त्या जोत्याकडे बघून. म्हणजे ऐकून. लग्नानंतर आईने कितीदा म्हटलं, "एकदा दाखवा तरी." बाबा म्हणायचे, "जाऊ ने, पुढच्या सुट्टीत." ते स्वतः लहानपणी एकदा गेले होते आणि त्यांना त्यातलं एका लंगड्या कुत्र्याशिवाय काही धड आठवत नव्हतं.

नव्वदीची सुरुवात होती. शहराच्या चारी बाजूंना बिल्डरांचे बोर्ड लागायला लागले होते. रेसकोर्स रस्त्याने जाताना आई ते सगळे बोर्ड वाचायची आणि खाली लिहिलेला आकडा आला की तोंड फिरवायची. जे काल महाग होतं ते आज अशक्य झालं, अशी ती वर्षं होती. मग हरणीच्या बाजूला स्वस्त घरांची सरकारी वसाहत होणार असल्याची जाहिरात आली. चार मजल्यांच्या इमारती, एक खोली, स्वयंपाकघर, मोरी-संडास आत, पुढे हातभर गॅलरी. अर्ज करायचा, ड्रॉ निघणार, नाव निघालं तर घर. आईने ती जाहिरात कापून पोळपाटाखाली ठेवली, म्हणजे रोज दोनदा दिसेल.

अर्ज आईनेच भरला, बाबांच्या नावाने. सोबत कोर्टाजवळ बसणाऱ्या टायपिस्टकडून सोगंदनामा करून द्यायचा होता, शपथेवर: अर्जदाराच्या नावाने कुठेही घर नाही. बाबांनी तो नीट वाचून सही केली. खोटं बोलत असल्याचं त्यांच्या मनातही आलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. कागदावरचं घर म्हणजे ज्याचं लाइट बिल येतं ते. देशावरचं घर हे त्या जातीचं घरच नव्हतं. ते आमच्या आडनावासारखं होतं, ते कोण अर्जात लिहितं?

ड्रॉ एका सभागृहात होता. पंखे फिरत होते, पण वारा फक्त स्टेजवर. एका बाईच्या कडेवरच्या छोट्या पोरीला वर बोलावून तिच्या हाताने पिंपातून चिठ्ठ्या काढत होते, कारण तिच्यावर कुणी संशय घेणार नाही. पोरगी मधेच कंटाळली आणि चिठ्ठी तोंडात घालायला लागली, तेव्हा सगळं सभागृह एका आवाजात ओरडलं. पुष्कळ नावं झाली. आई खुर्चीच्या कडेवर बसलेली, ओठ हलत होते. मग माइकवरून बाबांचं नाव आलं, मागे 'भाई' लावून, आडनावाची पार वाट लावून. बाबांना कळलंच नाही. आईला कळलं. तिने भर सभागृहात बाबांचा हात धरला. मी त्यांना एकमेकांचा हात धरलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

बी-सात, पहिला मजला.

त्यानंतर दर रविवारी आई सिटी बसने हरणीला जायला लागली. सकाळी खंडेराव मार्केटात भाजी घ्यायची, पिशवी घेऊनच बस पकडायची. मी कधी कधी बरोबर जायची. इमारतीचा सांगाडा उभा राहिला होता, भिंती चढत होत्या, सगळीकडे वाळू आणि फळ्या. चौकीदार पहिल्यांदा हाकलायला आला आणि तिसऱ्या खेपेला आईला म्हणाला, "बेन, संभाळजो, खिळा लागशे." आई बी-सातच्या जागी उभी राहायची. पदराची टोकं दोन्ही हातांत ताणून स्वयंपाकघराची भिंत मोजायची. इथे मांडणी, इथे पाट्यासाठी कट्टा, इथे देव. गॅलरीत दोरी कुठे बांधायची याचा तर तिने इतका विचार केला होता की मला वैताग यायचा. दोरी उंच हवी, म्हणजे चादर भुईला लागणार नाही, पण इतकी उंच नको की हात पुरणार नाही. एकदा ती कमरेत वाकली आणि वाळूतून काहीतरी उचलून पिशवीत टाकलं. घरी आल्यावर भेंड्यांत चार गंजके खिळे निघाले.

"भिंत अजून उभी नाही आणि खिळे आले," बाबा म्हणाले.

"येऊ द्या. ओळख होऊ द्या एकमेकांची," आई म्हणाली.

मग एक दिवस दुपारी तपासणीचे साहेब आले. ड्रॉमध्ये नाव निघालेल्यांच्या घरी जाऊन खात्री करायची, अशी पद्धत होती. माणूस तोंडाने गोड होता, गुजराती, बाबांहून बराच लहान. खोल्या पाहिल्या, रेशनकार्ड पाहिलं, आढ्याकडे बघणारं घड्याळ पाहून हसला. बा पण येऊन बसल्या होत्या आणि आम्ही किती सोन्यासारखी माणसं आहोत ते सांगत होत्या. भाडेकरू जाणार या विचाराने त्यांचे डोळेही भरले होते. आईने पोहे केले. काम झालं होतं. साहेबांनी फाइल मांडीवर ठेवली, चहाची बशी हातात घेतली आणि आपल्याकडे कुणीही कुणाला विचारतो ते विचारलं, "मूळ कयुं गाम, काका?"

"सातारा," बाबा म्हणाले.

"एम! त्यां घर-बार खरुं?"

मी तेव्हा बाबांच्या समोर बसले होते. त्यांची पाठ ताठ झालेली मला दिसली, आणि काय होणार ते मला बाबा बोलायच्या आधी कळलं. आईलाही कळलं असणार, कारण ती आतून चिमटा हातात घेऊन तशीच दारात आली.

"होय ज ने!" बाबा म्हणाले. "बापदादानुं घर छे. पथ्थरनुं."

साहेबांनी बशी खाली ठेवली. त्यांना ते ऐकायचं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. गप्पा मारायला विचारलेलं होतं ते. पण बा तिथे होत्या, दारात शेजारची दोन माणसं होती, सगळ्यांनी ऐकलं होतं. ते हळूच म्हणाले की काका, मग मला हे लिहावं लागेल. बाबा म्हणाले, लिहा ने, त्यात काय लपवायचं? आणि साहेबांनी लिहिलं.

जिन्यात मी आणि आई त्यांच्या मागे धावलो. साहेबांनी चपला घालता घालता उपाय सांगितला. गावाहून कागद आणा. तिथे यांच्या नावावर काही नाही असा, किंवा असलं तर भाऊबंदांच्या नावे हक्क सोडला असा. तो आला की अडचण नाही. चैत्र संपेपर्यंत मी फाइल पुढे पाठवत नाही, त्यानंतर मात्र घर यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. एवढं बोलून ते आईसमोर हात जोडून गेले. मला त्या माणसाचा कधी राग आला नाही.

बाबांचा आला. मी वर येऊन थयथयाट केला. "जिभेला काही हाड? ज्या घराचं दार कुठल्या दिशेला आहे ते तुम्हाला ठाऊक नाही, ते पथ्थरनुं आहे हे सांगायची काय गरज होती?" बाबा खरोखर गोंधळलेले होते. म्हणाले, "त्यांनी विचारलं. मग काय, नाही म्हणू? नाही म्हणजे आपण कोण मग? कुठून आलो?" आई मधे पडली. "पुरे. कागद आणायचाय, एवढंच ने? आणा. ज्या घरात कुणी राहत नाही ते सोडायला कितीसा वेळ?" मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू जा बरोबर. यांना मागता येत नाही."

पाडव्याच्या आदल्या दिवशी आम्ही गावात उतरलो. पुण्यापर्यंत रेल्वे, पुढे एसटी, आणि फाट्यापासून चालत. बाबांनी इस्त्रीचा शर्ट राखून ठेवला होता, तो फाट्यावरच्या हापशाजवळ बदलला. घर शोधावं लागलं नाही. पारावर बसलेला एक म्हातारा उठून उभा राहिला, डोळ्यांवर हात धरून बाबांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बडोद्याचं न्हवं तुमी? आरं, कपाळ तेच की!" ते बाबांचे चुलत चुलतभाऊ निघाले, वयाने बरेच थोर. त्यांनी बाबांना भर रस्त्यात मिठी मारली आणि रडायला लागले. बाबा पण रडायला लागले. मी पिशव्या धरून उभी.

काकांनी हातपाय धुऊ दिले, चहा पाजला, आणि म्हणाले, "चला, तुमचं घर दाखवतो."

घर नव्हतं. आईला मी पुढे कधी खोटं सांगितलं नाही, इथेही सांगत नाही. छप्पर कधीच गेलं होतं, मागची भिंत पडलेली, आत वैरण रचलेली आणि दोन शेळ्या बांधलेल्या. दगडी जोतं होतं, ते खरं होतं. आणि त्या जोत्यावर एक उंबरा. तो मात्र झाडलेला, शेणाने सारवलेला, दोन्ही बाजूंना हळदीकुंकवाची बोटं. उंबऱ्याशेजारी जमिनीत एक लोखंडी कडी पुरलेली होती, काठी उभी राहील अशी.

"ही बडोदेकरांची गुढी लावायची जागा," काका म्हणाले.

मला आधी समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं. बाबांच्या आजोबांचे वडील फौजेत निघाले तेव्हा मागे राहिलेल्या भावाला म्हणाले होते, मी परत येईपर्यंत माझ्या दारात गुढी चुकवू नकोस. तेव्हापासून त्या घरात पाडव्याला दोन गुढ्या उभ्या राहतात. एक यांच्या दारात आणि एक त्या रिकाम्या उंबऱ्यावर. भाऊ गेला, त्याच्या मुलाने लावली, त्याच्या मुलाने लावली, आता काका लावत होते. दुष्काळात साडी नव्हती तर धोतराचं पान लावलं, पण चुकवली नाही. "भावकी म्हनायची, आता कशाला येत्यात बडोदेकर, नाव काडून टाका. म्या म्हटलं, माझ्या जिवात जीव हाय तवर उताऱ्यावरचं नाव न्हाई हालायचं." आणि बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आन् बघा, आलात का न्हाई?"

मी बाबांकडे पाहिलं आणि मला कळलं की आमचा ब्लॉक गेला.

तरी मी प्रयत्न केला. संध्याकाळी जेवायला बसायच्या आधी मी म्हटलं, "काका, आम्ही खरं म्हणजे एका कागदासाठी..." बाबा म्हणाले, "पाणी दे ग मला." मी पाणी दिलं. पुन्हा म्हटलं, "काका, तिकडे बडोद्यात एक घर..." बाबा म्हणाले, "हो, ती सांगतेय, तिकडे घर छान आहे आमचं. तुम्ही या एकदा." मग माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. त्या नजरेत हुकूम नव्हता. विनवणी होती. बापाला अशी विनवणी करताना पाहिल्यावर पोरीचं तोंड कसं उघडणार?

सकाळी गुढी बाबांनी उभारली. काकूंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं दिलं, तांब्या घासून दिला, साखरेची गाठी, लिंबाचा डहाळा. काका म्हणाले, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा घरच्या माणसाच्या हातची. सगळी भावकी जमली होती. काठी कडीत बसेना, काकांनी खालून धरली. शेळ्या ओरडत होत्या. लोक रडत होते आणि मी पण रडत होते, पण मी हरणीच्या गॅलरीतल्या दोरीसाठी रडत होते. परत येताना पिशवीत भुईमुगाच्या शेंगा होत्या, गूळ होता, आणि उतरवलेल्या गुढीची गाठी. कागद नव्हता.

एसटीत मी बाबांना एवढंच विचारलं, "आईला काय सांगणार?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्यांच्या तोंडावर कसं सांगू, की नाव काढा?" मी म्हटलं, "आणि तिच्या तोंडावर?" त्यांनी पिशवीतली गाठी काढून रुमालात गुंडाळली. पुणे येईपर्यंत तो रुमाल त्यांच्या मांडीवर होता.

आई गल्लीच्या तोंडाशीच उभी होती. आमच्या चेहऱ्यांवरून तिला समजायला हवं होतं, पण तिला समजून घ्यायचं नव्हतं. वर आलो. तिने पाणी दिलं, हात पुसला आणि पुढे केला, कागद घ्यायला.

बाबांनी त्या हातावर गाठी ठेवली.

"मागितलाच नाही मी," ते म्हणाले. आणि मग गुढीचं सगळं सांगितलं, पहिल्या भावापासून. आई ऐकत होती. बाबांचं संपल्यावर तिने विचारलं, "आणि घर? घर कसं आहे?"

बाबा खाली बघून म्हणाले, "घर नाही. उंबरा आहे."

आईने गाठी डब्यात ठेवली, तोच तो कात्री-दोऱ्याचा डबा. झाकण लावताना म्हणाली, "म्हणजे माझं घर एका उंबऱ्यासाठी गेलं." ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, बाबांनाही आणि मलाही. मी तिला म्हटलं, अजून चैत्र आहे, मी साहेबांकडे जाते, मी एकटी गावाला जाते. ती म्हणाली, "नको. आता गावच्या त्या म्हाताऱ्याकडून ते नाव काढून घेतलं आणि त्या ब्लॉकमध्ये मी राहिले, तर मला तिथे झोप लागेल का?" ती असं म्हणाली आणि मोरीत जाऊन नळ सोडून बसली. बांनी खालून विचारलं, पाणी का वाहतंय.

बी-सात यादीतल्या पुढच्या माणसाला गेला. त्यानंतर बाबांना कुणी गाव विचारलं तर ते म्हणायचे, "बडोदा." बस्स, एवढंच. काका दर पाडव्याला पोस्टकार्ड टाकायचे, गुढी लावली म्हणून. बाबा ते वाचायचे आणि शर्टाच्या खिशात ठेवायचे, आईसमोर मोठ्याने वाचायचे नाहीत. काही वर्षांनी काका गेले. त्यांच्या मुलांनी रस्त्याला लागून असलेली जागा विकायला काढली आणि फोन करून अदबीने विचारलं, आता तुमचं नाव काढायला लागेल, चालेल ना? कागद त्यांनी पोस्टाने पाठवला. बाबांनी सही केली. आई शेजारी मेथी निवडत होती, ती निवडतच राहिली.

एकदा आम्ही हरणीला एका लग्नाला गेलो होतो. बस त्याच रस्त्याने गेली. इमारतींना पिवळा रंग दिला होता, तोही आता उडालेला. आई खिडकीत होती. मी तिला दुसऱ्या बाजूला बघायला लावायला काहीतरी बोलत होते, पण तिने शोधलंच. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या.

"दोरी खाली बांधलीये," ती म्हणाली. "बघ ने, चादर भुईला लागतेय."

मी शाळेत नोकरीला लागले. लग्न केलं नाही, त्याची कारणं वेगळी आणि माझी. दोन हजार सालानंतर बँका कर्ज द्यायला दारोदार फिरायला लागल्या, आणि मी सुभानपुऱ्यात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. बा तेव्हा हयात नव्हत्या. वास्तुशांतीला आईने पुरणपोळ्या केल्या, सगळ्यांना बोलावलं, खूश दिसली. पाहुणे गेल्यावर मी अभिमानाने ते जुनं घड्याळ काढलं आणि हातोडी तिच्या हातात दिली. मी हा क्षण किती वर्षं मनात रंगवला होता ते मलाच ठाऊक.

आईने भिंतीवर हात फिरवला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "इथे ठोकला तर चालेल ने तुला?"

माझ्या आईने माझ्या घरात मला परवानगी मागितली. मी तिच्यावर ओरडले, अगं तुझंच घर आहे, काय विचारतेस! ती हसून म्हणाली, "हो ग, माझंच. तरी तूच ठोक, माझा हात आता हलतो." मी खिळा ठोकला. घड्याळ समोर बघायला लागलं. आईने ते मागे सरकूनच पाहिलं, सवयीने.

शेवटच्या दिवसांत साखरेने तिची किडनी गेली होती. ताप चढला की ती मधेच कुठेतरी निघून जायची, मधेच परत यायची. त्या दुपारी तिला हॉस्पिटलात नेलं तेव्हा केसपेपर लिहिणाऱ्या पोऱ्याने मान खाली घालूनच विचारलं, "माजी, सरनामुं?" पत्ता. मी सुभानपुरा म्हणायला तोंड उघडलं. स्ट्रेचरवरून आईचा आवाज आला, आजारापूर्वी होता तसा स्वच्छ.

"बी-सात. पहेलो माळ. हरणी."

पोऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या रेशनकार्डाकडे. "आमां तो सुभानपुरा छे, बेन." मी काही बोलायच्या आत बाबा पुढे आले. ते आता वाकले होते, हातात तिच्या औषधांची पिशवी होती. खोट्याची चीड असलेला माणूस, लोकांच्या येण्याजाण्याच्या वेळेत मिनिटाची लबाडी चालू न दिलेला. त्यांनी टेबलावर हात ठेवला.

"ए ज लखो," ते म्हणाले. "बराबर छे. घर छे अमारुं त्यां."

पोऱ्याने लिहिलं. आईने मान वळवून बाबांना शोधलं.

"अहो, चावी आणली ने?"

बाबांनी शर्टाचा खिसा चाचपला, वरून, दोनदा. "आणली. माझ्याकडेच आहे," ते म्हणाले, आणि तिचा हात धरला. सुभानपुऱ्याची चावी माझ्या पर्समध्ये होती.